शनिवारी कॅसेटा लावू नकोस

माझं नाव काचेवर चिकटवायच्या आधी मला विचारावं असं तुला वाटलं नाही. कोबीच्या गड्ड्याएवढी अक्षरं, आणि तीही बेकरीच्या काचेवर, जिथे अख्ख्या वसाहतीतल्या बाया सकाळी ब्रायड्यांसाठी, त्या खिमा भरलेल्या पॅटिसांसाठी, रांगेत उभ्या असतात. ‘नेटा. तीस वर्षांनी पहिल्यांदाच सर्वांसमोर.’ काउंटरवरच्या पोरीने मला विचारलं, आजी, तुम्ही गाणार आहात की नाचणार? मी म्हटलं, मी मेले आहे आणि शनिवारी मला उकरून काढणार आहेत. बाया हसल्या. मग मी चष्मा लावून ते पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचलं, दोनदा वाचलं, मला वेळ लागतो हे तुला माहीत आहे. आणि खाली बारीक अक्षरांत तुझ्या बापाचं नाव निघालं. तो येणार आहे हे मला बेकरीच्या काचेवरून कळावं?

प्रिय कर्स्टी,

आता रीतीचं सगळं. मी बरी आहे, गुडघा बरा नाही, गॅसवाला अजून आलेला नाही. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मधे बोलतेस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही.

पहिलं काम. शनिवारी जुन्या कॉम्प्युटरांच्या त्या कार्यक्रमात तुझ्या बापाच्या कॅसेटा लावायच्या नाहीत. बारापैकी एकही नाही. लोकांना सांग की टेप जुनी झाली, विरली, आता त्यातून काही निघत नाही. तीस वर्षांची टेप विरते, कोणाला शंका येणार नाही. का लावायच्या नाहीत ते मी लिहिणार आहे, पण माझ्या क्रमाने. आधीच सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस. तुझ्या बापातलं आणि माझ्यातलं भांडण कशावरून, हे तू मला अठराव्या वर्षापासून विचारते आहेस. मी म्हणते बापाला विचार, तो म्हणतो आजीला विचार. तुझी समजूत आहे की तुझ्या आजोबांच्या मयतीवरून काहीतरी झालं. डोडच्या त्या मयतीला तुझा बाप ग्रेगर आला होता. खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिला, टोपी काढली, गेला. तिथे काही झालं नाही. जे झालं ते त्याच्या सहा वर्षं आधीच होऊन गेलं होतं.

तुझ्या त्या मित्रमंडळींबद्दलही एकदा बोलून टाकते, म्हणजे पोटात राहणार नाही. पन्नाशीचे बाप्ये, दाढ्या पिकलेल्या, माझ्या स्वयंपाकघरात बसून माझी बिस्किटं संपवतात आणि एका जुन्या कॉम्प्युटरकडे असं बघतात की त्यांच्या बायकांनी ते बघितलं तर घर सोडून जातील. त्यातल्या एकाने तर मशीन उचलून त्याचा वास घेतला, डोळे मिटून. मी म्हटलं, बाळा, तो वास घेत मी साडेतीन वर्षं काम केलं, मला त्याने खोकला दिला, तुला काय देतो ते बघ. दुसऱ्याने विचारलं, भविष्याचा जन्म तुमच्या हातून होत होता, तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं? मी म्हटलं, पाय दुखत होते. सगळे हसले. त्यांना वाटलं मी विनोद करते आहे.

पाय खरंच दुखत होते. मी पंधराव्या वर्षी शाळा सोडून तागाच्या गिरणीत लागले, माझ्या आईसारखी. तिथल्या गोंगाटात बाया हातवाऱ्यांनी बोलायच्या, आणि घरी आल्यावर सगळ्या ओरडून बोलायच्या. गिरणी बंद पडली तशी मी घड्याळांच्या कारखान्यात गेले. स्वच्छ काम, बसायला खुर्ची, डोक्यावर दिवे. मग घड्याळंही कमी झाली आणि एका सोमवारी आमच्यासमोर हिरव्या पट्ट्या आल्या, त्यावर मुंग्यांसारखे काळे तुकडे बसवायचे. बायांचीच बोटं लागत. पुरुषांची बोटं म्हणजे सॉसेज, आणि तसेही या गावातले पुरुष तेव्हा घरी किटली चढवून बायकोची वाट बघत बसलेले असत. तुझ्या आजोबांचं गोदीतलं काम सुटलं ते सुटलंच. आम्ही काय बनवतो हे आम्हाला दोन महिने कोणी सांगितलं नाही. मग साहेब खुर्चीवर चढला आणि म्हणाला, बायांनो, तुम्ही भविष्य बनवता आहात. शेजारची एफी म्हणाली, भविष्याला जेवणाची सुट्टी वाढवून मिळेल का?

नाही मिळाली. पण बिघडलेले तुकडे मागच्या पेटीत टाकायचे, आणि त्या पेटीवर आमचा डोळा असायचा. अर्ध्या तुकड्यांत काही बिघडलेलं नसे, तपासनीस घाईत असे. हे तुझ्या पोस्टरवर छापू नकोस, पण आमच्या वसाहतीतल्या पोरांकडे जी ही छोटी कॉम्प्युटर मशिनं होती त्यातली बरीचशी कुठल्याच दुकानातून आलेली नव्हती. बोर्ड डब्यात पावाखाली. वरचा काळा सांगाडा दोन भागांत, पावसाळी कोटाच्या अस्तरात. रबरी बटणांची चटई पोटावर पट्ट्याखाली घालायची. ती माझ्या पोटावर इतकी छान बसली की फाटकावरचा म्हातारा म्हणाला, नेटा, बारीक झालीस. त्याला सगळं माहीत होतं, त्याच्या नातवाकडेही एक मशीन होतं. मला तीन आठवडे लागले. स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी ते जोडलं, आणि पहिल्याच फटक्यात चाललं. आयुष्यात एवढं नीट मी दुसरं काही जोडलेलं नाही, आणि लग्नही त्यात धरलं आहे.

ग्रेगर तेव्हा अकरा वर्षांचा. रविवारची दुपार होती. डोडने टीव्ही खाली जमिनीवर ठेवला, मी टेपरेकॉर्डर आणला, वायरी लावल्या. खेळ कॅसेटवर असे, तो मशीनमध्ये उतरवायला कॅसेट सुरू केली की दारात मांजराची शेपटी अडकल्यासारखा आवाज, आणि पडद्याच्या कडेला निळ्यापिवळ्या रेघा धावायच्या. तसं पाच मिनिटं बसायचं. मधे कोणी टेबलाला धक्का दिला तर सगळं मोडायचं आणि पहिल्यापासून. कर्स्टी, त्या पाच मिनिटांत आमच्या घरात जेवढी शांतता असे तेवढी मी चर्चमध्येही पाहिलेली नाही. डोडसुद्धा पाइप तोंडातून काढून हातात धरायचा. आणि ते उघडलं की मुलं ओरडायची, शेजारची दोन आमचं एक, जसं काही नदीतून देवमासा वर आला आहे. पहिल्या आठवड्यात ग्रेगरने स्वतःच काहीतरी टाइप केलं आणि पडदाभर त्याचं नाव उतरायला लागलं, ग्रेगर ग्रेगर ग्रेगर, खाली खाली, थांबेचना. डोड म्हणाला, बंद कर रे, झिजेल नाव. आमचं आडनाव गिरणीच्या हजेरीबुकाशिवाय आणि चर्चच्या वहीशिवाय कुठे लिहिलं गेलेलं नव्हतं. आणि पोराचं नाव टीव्हीवर. मी तिथे उभी होते, हातात बटाट्याचं भांडं. ते दिवस मला आवडले. हे मी एकदाच लिहिते आहे, परत विचारू नकोस.

तुझ्या मित्रांचं दुखणं मला कळतं, ते वाटतात तेवढे वेडे नाहीत. त्यांना ती पाच मिनिटं परत हवी आहेत. आता काही उघडायला वेळच लागत नाही, म्हणून कशाचं काही वाटत नाही. तू मला दिलेला फोन सगळं करतो, आणि मी तो बशीखाली ठेवते. पण ती पाच मिनिटं ज्यांनी जोडून दिली त्यांना साडेतीन वर्षांत घरी पाठवायला सुरुवात झाली, हे त्यांना माहीत नाही. मागणी संपली. मशिनं कपाटात गेली, राखाडी रंगाची मोठी आली, ती दुसरीकडे कुठेतरी बनत. साहेब परत खुर्चीवर चढला नाही, चिठ्ठी लावली. मी जुनी म्हणून राहिले आणि पुन्हा घड्याळाच्या तुकड्यांवर गेले.

ग्रेगर मात्र त्या मशीनला चिकटून राहिला. वसाहतीतली दोनतीन पोरं शहाणी निघाली, त्यांनी वेळेवर नवं मशीन धरलं, खेळ बनवायच्या ऑफिसात लागली, आज त्यांच्या मोटारी आहेत. माझ्या पोराने दहा वर्षं एकच केलं. सोळाव्या वर्षी शाळा सोडली, मिळेल ते काम करायचा, दुकानात खोके उचलायचा, आणि उरलेला वेळ माझ्या टेबलावर. खेळ बनवून कॅसेट पाठवायचा, उत्तर यायचं की छान आहे, पण हे मशीन आता कोणी वापरत नाही. मी ते पत्र त्याच्या आधी उघडायचे आणि परत चिकटवायचे. त्याला म्हणायचे, अरे, सोड आता, जग पुढे गेलं. तो म्हणायचा, आई, यात अजून जागा आहे, कोणी नीट शोधलेलीच नाही. कुठली जागा, मेल्या, ते पावाच्या तुकड्याएवढं यंत्र.

त्याच्या सगळ्यात मोठ्या खेळाचं नाव ‘नेटा’. तू शनिवारी जो दाखवणार आहेस तो. कारखान्यात एक बाई, डोक्याला रुमाल, बोटभर उंच. टेबलाटेबलांवरून पळते, तुकडे गोळा करते, पिशवीत घालते, आणि साहेब मागे. सगळे तुकडे घेऊन फाटकातून बाहेर पडली की घरी टेबलावर मशीन जोडलं जातं आणि त्या मशीनच्या पडद्यावर तीच बाई, आणखी लहान, पुन्हा पळायला लागते. मला त्याने दाखवला तेव्हा मी पीठ मळत होते. म्हटलं, माझी कंबर एवढी रुंद नाही. त्याने बसून कंबर दोन ठिपक्यांनी कमी केली. चार वर्षं लागली त्याला त्या खेळाला. तो बाहेरच्या कोणी कधी बघितला नाही. डोडने, मी आणि एफीने, बस.

मग त्र्याण्णव साल. तुला हे शाळेत शिकवलं असेल, दोन ओळींत. कारखान्याने निम्म्या बायांना घरी बसायला सांगितलं, पगार कापला, आम्ही संपावर गेलो, परत आलो तर फाटकाला कुलूप. सगळ्यांना काढलं. मग बाहेरून माणसं आणली, खिडक्यांना जाळ्या लावलेल्या बसमधून, आमच्या अंगावरून, रोज सकाळी. आणि आम्ही रोज सकाळी फाटकावर. मी, एफी, गिरणीपासूनच्या बाया, पन्नाशीच्या, स्वेटरवर स्वेटर. संपफोड्या म्हणून ओरडायचं. घसा बसेपर्यंत ओरडायचं, मग थर्मासमधला चहा. या गावात तो शब्द कोणाला लागला तर तीन पिढ्या धुऊन निघत नाही. त्याच्या घरी कोणी मीठ मागायला जात नाही.

एप्रिलमधला मंगळवार होता. मी पहिल्या रांगेत होते, बस हळू झाली, मी जाळीवर मूठ मारली, आणि जाळीच्या आत ग्रेगर.

तो खाली बघत नव्हता. बाकीचे सगळे खाली बघायचे, तोंडावर वर्तमानपत्र धरायचे. त्याने माझ्याकडे बघितलं. बस आत गेली. एफीनेही बघितलं होतं. बाकीच्या बाया ओरडत राहिल्या, त्यांना कळलं नव्हतं. मी माझा फलक भिंतीला टेकवून ठेवला आणि घरी आले.

त्याने मला आधी सांगितलं नव्हतं. तुझी आई पाच महिन्यांची पोटुशी होती, हे मात्र मला माहीत होतं. घर नव्हतं त्यांना, तो अजून माझ्याकडे आणि ती तिच्या आईकडे. त्याला कुठेही काम मिळत नव्हतं. ती बस भरायला मात्र ते कोणालाही घेत होते. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. कळूनही मला चाललं नाही, आजही चालत नाही. तुला वाटत असेल की म्हातारपणी माझं मन विरघळलं म्हणून लिहिते आहे, तर तसं नाही. त्याने उपाशी राहायला हवं होतं. आम्ही राहत होतो.

आता ऐक. घरी आले तेव्हा साडेआठ वाजले असतील. डोड बाहेर होता. ग्रेगरच्या कॅसेटा बुटांच्या खोक्यात असायच्या, बारा, प्रत्येकीवर त्याच्या बारीक अक्षरात नाव. दहा वर्षांचं सगळं त्या बारांत. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन इवल्या प्लॅस्टिकच्या जिभा असतात, त्या मोडल्या की त्यावर चुकूनही दुसरं काही भरता येत नाही. त्याने सगळ्या मोडून ठेवल्या होत्या. पण मी कारखान्यातली बाई. जिभेच्या खड्ड्यावर चिकटपट्टी लावली की रेकॉर्डर फसतो, हे मला माहीत होतं. मी औषधाच्या डब्यातली पट्टी काढली, चोवीस तुकडे कापले, लावले. मग टेपरेकॉर्डर स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला आणि भरायचं बटण दाबलं. काय भरायचं ते ठरवलं नव्हतं, आधीचं पुसलं गेलं की झालं. काहीही. रिकामं स्वयंपाकघर. एक बाजू संपली की उलटी करायची, ती संपली की दुसरी कॅसेट. मधे मी भांडी घासली, फरशी पुसली. दोन दिवस लागले. मंगळवार आणि बुधवार. तो घरी आलाच नाही, तुझ्या आईच्या आईकडे राहिला, म्हणून मला कोणी अडवलं नाही. डोडने बघितलं. दारात उभा राहिला आणि परत बाहेर गेला. त्या माणसाने मला आयुष्यभर कधी नको म्हटलं नाही, तेव्हा म्हणायला हवं होतं.

बुधवारी दुपारी एफी आली. टेप चालूच होती, भरायचं बटण दाबलेलं. एफीने माझी समजूत घालायला सुरुवात केली, ती स्वतः फाटकावरून आली होती, तरी. म्हणाली, बाळ येतंय नेटा, तुझं नातवंड. आणि मी जे म्हटलं ते तुला शब्दाला शब्द लिहिते, कारण ते तू शनिवारी दोनशे लोकांसमोर ऐकावंस असं मला वाटत नाही.

मी म्हटलं, "मला मुलगा नाही. आणि संपफोड्याचं ते पोर जन्माला न आलेलंच बरं."

ते पोर म्हणजे तू.

एफी चहा तसाच टाकून उठून गेली. त्यानंतर तिने माझ्याशी चार महिने बोलणं टाकलं, आणि तोपर्यंत कारखानाच कायमचा बंद झाला, बसवाले आणि फाटकवाले सगळे सारखेच घरी. शुक्रवारी तुझी आई त्याचे कपडे न्यायला आली, पोट पुढे, मान वर. मी कपड्यांच्या वर तो खोका ठेवला. कॅसेटा पुन्हा ओळीने लावलेल्या, नावं बाहेरच्या बाजूला. चुकून नाही दिला. त्याने ऐकावं म्हणून दिला. मशीन मात्र माझ्याकडेच ठेवलं, ते मी जोडलेलं होतं. तू अठराव्या वर्षी दारात येऊन, मी ग्रेगरची मुलगी म्हणालीस, आणि कपाट उघडलंस तर ते मशीन, आणि तुझा चेहरा अकरा वर्षांच्या पोरासारखा झाला. तेव्हा मी तुला चहा दिला आणि हे सांगितलं नाही. त्यानंतर दर गुरुवारी तू येतेस आणि दर गुरुवारी मी सांगत नाही.

मला वाटलं होतं, त्याने तो खोका कधीच समुद्रात फेकला असेल. तो राहतो त्या ॲबर्डीनला समुद्र काय कमी आहे? आणि गेल्या गुरुवारी तू तोच खोका माझ्या टेबलावर ठेवलास. म्हणालीस, आजी, बाबांनी किती जपल्यात बघ, फुटू नयेत म्हणून कडांना पट्ट्यासुद्धा लावल्यात. मी बघितल्या. पिवळ्या पडल्या आहेत, पण मी कापलेल्याच, तिरक्या. मला तेव्हाच खोका उचलून चुलीत घालावासा वाटला, पण तू हातात धरून बसली होतीस. तू विचारलंस, यात काय आहे, आणि मी म्हटलं, मला काय माहीत. आणि तू म्हणालीस की बाबा म्हणतात त्यांनी त्या एकदाही लावल्या नाहीत, मशीनच नव्हतं म्हणून. तू त्याला परवानगी विचारलीस तेव्हा तो म्हणाला, लाव, आजीला पहिल्या रांगेत बसव.

म्हणून हे पत्र. मी चार दिवस त्या एका वाक्याभोवती फिरते आहे. ज्या माणसाने स्वतःच्या हाताने त्या जिभा मोडल्या, त्याला त्या पट्ट्यांचा अर्थ कळला नाही, असं होणार नाही. आणि ऐकायला मशीन लागत नाही, कुठलाही टेपरेकॉर्डर चालतो. म्हणजे एक तर त्याने ऐकलं आहे, आणि तीस वर्षं जपून ठेवून तो मला पहिल्या रांगेत माझाच आवाज ऐकवणार आहे. तसं असेल तर मी येईन. चांगला कोट घालून येईन, बसेन, शेवटपर्यंत ऐकेन, माझाच मुलगा आहे, मीही हेच केलं असतं. पण तू समोर असताना ते ऐकवायचं असेल तर त्याने आधी तुझ्या तोंडाकडे बघावं. नाही तर दुसरं असेल. तो खोका त्याने कधी उघडलाच नसेल, त्याला वाटत असेल की त्याची चार वर्षं, ती रुमालवाली बाई, सगळं आत अजून आहे, आणि ते मला दाखवायला तो तीस वर्षांनी येतो आहे. तसं असेल तर त्याला ते दोनशे अनोळखी लोकांसमोर कळता कामा नये. यातलं खरं काय ते तुला माहीत नाही आणि मलाही नाही. बसमध्ये तो बसला, त्याची माफी मी त्याला देत नाही. पण कॅसेटा बसने पुसल्या नाहीत, मी पुसल्या, आणि तुझ्याबद्दलचं ते वाक्यही कोणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. तेव्हा हे पत्र वाचून झालं की रडत बसू नकोस, आगगाडी पकड आणि ते त्याच्या हातात दे. फोनवर वाचून दाखवू नकोस. तो वाचेपर्यंत समोर उभी राहा. आणि उत्तर तू लिहायचं नाहीस, तुझ्या आईनेही नाही. ग्रेगरने लिहायचं, स्वतःच्या हाताने, शुक्रवारच्या टपालाने मला मिळेल असं.

तुझीच आजी,
नेटा